पडद्यावरची म्हातारी अजून १९६० सालातच का राहते?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यात अहिराणीत आणि लेवा बोलीत लघुपट, यूट्यूब मालिका करणारे बरेच जण इथं आहेत, म्हणून हा धागा. विषय सिनेमा-मालिकांमधली वयस्क बाई. ती बदलली असं सगळेच म्हणतात. कुठं बदलली, कुठं नाही, आणि आपल्याकडच्या कामात ती उभी करताना नेमकं काय फसतं, यावर लिहा. "आमची आजी अशी होती" छाप आठवणी इथं नकोत.

सुरुवात हिशेबानं करतो. 'मदर इंडिया' (१९५७) मधली नर्गिस आणि तिचा मुलगा झालेला सुनील दत्त, दोघांचाही जन्म जून १९२९ चा. 'दीवार' (१९७५) मधल्या निरूपा रॉय अमिताभपेक्षा अकरा वर्षांनीच मोठ्या. 'शक्ती' (१९८२) मध्ये तर राखी त्याची आई, आणि वयानं त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. या जोडीचा 'कभी कभी' येऊन तेव्हा सहाच वर्षं झाली होती! मग थेट २०१९: 'सांड की आंख'. साठीच्या नेमबाज बायका, आणि पडद्यावर तापसी पन्नू व भूमी पेडणेकर, दोघी तिशीच्या आसपासच्या. बासष्ट वर्षं गेली, पण साठीची बाई हवी की तिशीची नटी घ्यायची आणि केसांना पांढरा रंग फासायचा, ही रीत काही गेली नाही.

सातपुडा४२
थोडा विरोध. 'मदर इंडिया'त नवरीपासून म्हातारीपर्यंत अख्खं आयुष्य आहे. दोन नट्या घेतल्या तर प्रेक्षकाचं बोट सुटतं. ते गणित वेगळं आणि 'शक्ती'चं वेगळं. सगळं एका पोत्यात भरू नका.

ललिता पवारांचं तर तिसरंच. येवल्याच्या बाई, १९४२ मध्ये चित्रीकरणात थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कामं संपली ती ऐन उमेदीत. त्यानंतरची खाष्ट सासू, मंथरा हे सगळं त्या डोळ्यासकट आलं. पण त्याच बाईंनी 'अनाडी'त (१९५९) मिसेस डिसा केली. वरून कडक, आतून मऊ. म्हणजे चांगली म्हातारी तेव्हाही लिहिली जायची, फक्त क्वचित.

पटकथापाटी
मालिकांचं सांगतो, कारण घरोघरी तेच चालतं.

'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चाललं, तीन हजारांवर भाग. मध्यभागी रोहिणी हट्टंगडी, म्हणजे सासू नायिका होऊ शकते हे तेव्हाच सिद्ध झालं. नंतर 'अग्गंबाई सासूबाई' (२०१९) मध्ये सून पुढाकार घेऊन सासूचं दुसरं लग्न लावते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'आई कुठे काय करते' आलं आणि पाच वर्षं टिकलं. तिथं घटस्फोट, कमाई, दुसरं लग्न सगळं झालं. सिनेमात 'झिम्मा' (२०२१) आणि 'बाईपण भारी देवा' (२०२३). वयस्क बायकांच्या जिवावर थिएटर भरतं हे निर्मात्यांना आकड्यात कळलं.

तरी एक खोट राहतेच. या सगळ्या गोष्टींमधल्या बाईचा प्रश्न एकच: घरच्यांनी मला मोकळं सोडावं. तिला बाहेरचा प्रश्न नाही. पाणी, पीक, पतपेढी, भावकी यातलं काहीच तिच्या वाट्याला येत नाही. आणि बहुतेक सगळ्या शहरातल्या फ्लॅटमधल्या किंवा बंगल्यातल्या. रावेर-यावलच्या केळीवाल्या घरातली बासष्टची बाई, जी मजुरांचे पैसे वाटते आणि व्यापाऱ्याशी भाव तोडते, ती कुठं दिसली? मला नाही दिसली.

सातपुडा४२
त्याला कारण पैसा आहे, दुष्टपणा नाही. रोजच्या मालिकेत अर्ध्या तासाच्या भागाला वीस-बावीस मिनिटांचा मजकूर लागतो, आठवड्याला सहा भाग. एवढं फुटेज एका सेटवर, दिवाणखाना-स्वयंपाकघर-जिना यातच निघतं. बाहेर गेलात की वेळ दुप्पट. मग भांडण घरातच लावावं लागतं आणि घरात भांडायला सासू हाताशी असते. शेत दाखवायचं तर लघुपटवाल्यांनीच दाखवावं, त्यांना रोज एपिसोड द्यायचा नसतो.

कानुमाय
सगळ्यात मोठी चूक कुणी धरलीच नाही. वजाबाकी करा. आज साठीची असलेली बाई १९६५ च्या आसपास जन्मली. 'रामायण' दूरदर्शनवर लागलं तेव्हा (१९८७) ती बावीस वर्षांची होती. ती सहावारी नेसते, घरात गाऊन घालून त्यावर ओढणी टाकते, मोबाइलवर कीर्तन आणि रेसिपी बघते. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण आणि रुपयाएवढं कुंकू ही पंच्याहत्तरीच्या पुढच्या बाईची ओळख, तीही आता विरळ होत चाललीय. पण लघुपटात म्हातारी म्हटली की लगेच लुगडं, काठी, कंदील. अरे, कंदील?

पात्राचं जन्मसाल पहिल्या पानावर लिहा. त्यावरून कपडे, शिक्षण, भाषा, देणंघेणं आपोआप ठरतं.

आणखी काही तपशील, जे पटकथेत हमखास चुकतात:

एसटी. ७५ च्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात प्रवास फुकट आहे, मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट. "तिकिटाला पैसे नव्हते म्हणून माय लेकीकडे गेली नाही" हा संवाद आता पंच्याहत्तरीच्या बाईला लागू होत नाही. आधार कार्ड दाखवायचं आणि बसायचं.

बँक. श्रावणबाळ असो, लाडकी बहीण असो (ती ६५ पर्यंतच), पैसा खात्यात येतो. म्हणजे म्हातारीचं खातं आहे, तिला पैसे आल्याचा मेसेज येतो आणि तो वाचून दाखवणारा नातू आहे. इथं खरी गोष्ट दडलीय. कापूस वेचून, भांडी घासून, निंदणी करून बोटाच्या रेषा झिजतात आणि अंगठ्याच्या मशीनवर ठसा उमटत नाही. मग बोट पुसा, दुसरं बोट लावा, उद्या या. एवढ्यावर दहा मिनिटांचा लघुपट होतो, एक अश्रू न गाळता.

विधवेला पांढरं नेसवणं बंद करा. आपल्याकडच्या शेतकरी घरात ती रंगीतच नेसते. कपाळ, गळा आणि हात यावरून फरक कळतो, आणि तोही हल्ली घरोघरी वेगळा. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं याविरुद्ध ठराव केला आणि सरकारनं त्याचं परिपत्रक काढलं. हे लिहिणाऱ्याला माहीत असावं.

तावडीकर
कानुमायला +१००. कंदिलावर हसून हसून पुरेवाट.

रंगपेटी
मेकअपचं लिहितो, कारण फसण्याचं पहिलं ठिकाण तेच.

नाटकात तपकिरी पेन्सिलनं कपाळावर आडव्या रेघा मारतात. मागच्या रांगेतून त्या चालतात, मोबाइलच्या कॅमेऱ्यात नुसत्या रेघाच दिसतात. सुरकुती ही रेघ नसते, ती घडी असते. वरचा भाग उजेड पकडतो, खालचा सावलीत जातो. म्हणून रंगानंच करायचं तर सावली त्वचेपेक्षा दोनच छटा गडद घ्या, एक कड बोटानं विरघळवा, दुसरी तशीच ठेवा, आणि लगेच वर फिकट छटा द्या. जागा आपल्या मनानं ठरवू नका. नटीला कपाळ चढवायला, हसायला, डोळे बारीक करायला सांगा, जिथं घडी पडते तिथंच रंग.

खऱ्या घड्या हव्या असतील तर लिक्विड लॅटेक्स, म्हणजे कातडीवर लावायचं पातळ रबर. आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा, खाज आली तर विसरा. पद्धत अशी: भुवया आणि केसांच्या कडेला व्हॅसलीन. गालाची कातडी दोन बोटांनी ताणून धरा, स्पंजनं पातळ थर ठोका, पुसू नका. ड्रायरच्या थंड हवेनं वाळवा, ताणलेलंच असताना पावडर मारा, मगच सोडा. सोडल्यावर घड्या दिसतात. दोन-तीन थर पुरतात. डोळ्याभोवती अमोनियाचा वास झोंबतो, तेव्हा डोळे मिटलेले आणि पंखा चालू. पावडर मारायच्या आधी सोडलं तर कातडी कातडीला चिकटते आणि सगळं पहिल्यापासून.

केसांना टाल्कम किंवा झिंक पावडर नको. खांद्यावर पडते, उजेडात राखाडी ठोकळा दिसतो, घाम आला की पिठासारखी लिबलिबते. पाण्यात मिसळणारा पांढरा रंग जुन्या टूथब्रशनं, कानशिलापासून आणि भांगापासून सुरू. मागचे केस काळेच ठेवलेत तरी चालतं, बऱ्याच बायकांचे तसेच पिकतात. मेंदी लावणारी असेल तर मुळाशी पांढरं आणि टोकाला नारिंगी. हा एक तपशील दिला की बाकी अर्धं काम झालं.

आणि मान, हात! चेहरा सत्तरचा, हात पंचविशीचे, हे दर दुसऱ्या लघुपटात. हाताच्या शिरांवर हिरवट-निळसर छटा, सांध्यांवर गडद, नखं कापलेली आणि मळकट.

बोरीकाठी
आपल्याकडे एप्रिल-मेत लॅटेक्स टिकतं का?

रंगपेटी
नाही. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. घाम आत साचतो आणि ओठाच्या, नाकाच्या कडेनं सालं सुटतात. सकाळी सहा ते दहा एवढंच चित्रीकरण ठेवलंत तर निभेल, नाही तर दिवाळीनंतर करा. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे साठीच्या भूमिकेला साठीची बाई घ्या. गावात भजनी मंडळ असतं, बचत गट असतो, तिथं विचारा. मेकअपचा खर्च शून्य.

केळीबाग
पण हौशी बाई कॅमेऱ्यासमोर आली की पाठ केल्यासारखी बोलते, त्याचं काय?

पटकथापाटी
संवाद देऊच नका. प्रसंग द्या आणि हाताला काम द्या. "सून विचारते आहे की शेत विकायचं का, आणि तुम्हाला विकायचं नाही" एवढं सांगायचं आणि समोर निवडायला तूर ठेवायची. ती तुरीकडे बघून बोलते, मग आपोआप खरं बोलते. दोन कॅमेरे लावा, मोबाइल असले तरी चालतील, कारण तेच वाक्य ती दुसऱ्यांदा तसंच बोलणार नाही आणि एका कॅमेऱ्याचं एडिटिंग जुळणार नाही.

भरीतपार्टी
हाताचं काम निघालं म्हणून खापरावरच्या मांड्याबद्दल, म्हणजे हातावर मोठी केलेल्या पुरणपोळीबद्दल. दर खानदेशी कार्यक्रमात हा हवाच असतो आणि दर वेळी चुकतो. पोळपाट-लाटणं घेऊन नटी बसते. मांडा लाटत नाहीत!

गहू ओलवून दळतात, पीठ वस्त्रगाळ करतात, कणीक पाणी आणि तेल लावत इतकी तिंबतात की ओढली तर तुटत नाही. पुरण भरलेला गोळा हातावर थापत, फिरवत, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मोठा करतात आणि मग चुलीवर उपड्या ठेवलेल्या खापरावर अलगद सोडतात. अनुभवी बाईची नजर मांड्यावर नसते, ती चुलीच्या जाळाकडे बघत असते. शहरातून आणलेली नटी मांड्याकडे टक लावून बघते, तिथंच कळतं.

उपाय: हातांचे क्लोजअप गावातल्या करणाऱ्या बाईचे वेगळे घ्या, बांगड्या आणि बाहीचा रंग जुळवून. कणीक आणि पुरण लागेल त्याच्या दुप्पट करून ठेवा. खापर नीट तापलं नाही तर पहिला मांडा चिकटतो, तो शॉटसाठी धरूच नका. आणि "कट" म्हणून थांबवू नका. मांडा मध्येच थांबत नाही.

कापूस वेचताना ओटी कमरेला बांधलेली आणि भरत जाईल तशी जड झालेली दिसली पाहिजे. रिकामी ओटी घेऊन दिवसभराचा थकवा दाखवतात, प्रेक्षक शेतकरी आहे हो, त्याला कळतं.

प्रांतकचेरी
कोऱ्या कागदावर अंगठा घेतला आणि म्हातारीची जमीन गेली, हा प्रसंग कृपया निवृत्त करा. जमिनीचा हक्क सोडायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो, दुय्यम निबंधकासमोर फोटो आणि अंगठा होतो. नंतर तलाठी फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. खरी फसवणूक "लेकीनं आणि मायनं हक्कसोड दिली की वाद मिटतो" असं गोड बोलून, निबंधकाच्या कचेरीत गाडीनं नेऊन होते. नाट्य तिथं आहे: बाहेरच्या बाकावर, चहा पाजताना.

मुलगा वारला तर त्याच्या मिळकतीत बायको-मुलांबरोबर आईही वर्ग एकची वारस असते, बरोबरीच्या हिश्शाची. सासू आणि विधवा सून एकाच सातबाऱ्यावर! एवढी ताकदीची परिस्थिती असताना मालिकेत दागिन्यांची चोरी का लागते, देव जाणे.

मुलं सांभाळत नाहीत, म्हातारी "कोर्टात" जाते, काळा कोट, हातोडा. प्रत्यक्षात २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यानं अर्ज प्रांताधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे जातो. निर्वाह महिना दहा हजारांपर्यंत, निकाल साधारण नव्वद दिवसांत, अपील जिल्हाधिकाऱ्याकडे. घर बक्षीस दिलं असेल आणि पत्रात "सांभाळ करीन" ही अट असेल, तर कलम २३ खाली ते रद्द होऊ शकतं. अट नसेल तर बाईची बाजू लंगडी पडते. पटकथेत ही अट कुणी गाळली, मुलानं मुद्दाम की दस्त लिहिणाऱ्यानं, यावर अख्खा दुसरा अंक उभा राहतो.

तावडीकर
बोलीबद्दल थोडं. पात्राचं गाव ठरवा, मग बोली. धुळे-साक्री-अमळनेरकडची बाई "माले सांगू नको, तुले काय करनं शे?" म्हणेल. भुसावळ-यावलकडची लेवा घरातली "मले", "हाये" म्हणेल आणि डोळ्याला "डोया". दोन्हींची मिसळ करून "खानदेशी" नावाचा एकच रस्सा केला की दोन्हीकडचे लोक कमेंटमध्ये धुतात, आणि बरोबर करतात.

सून सासूला तोंडावर "सासूबाई" म्हणत नाही. आत्या, मामी, जिजी, माय, जे घरात चालतं ते. आणि साठीच्या बाईला सगळं गाव "आजी" म्हणत नाही. दीर-भावजयीच्या नात्यानं तिची थट्टा करणारा म्हातारा गावात असतोच. तिला आजीपणातून बाहेर काढायचा सोपा मार्ग म्हणजे तिच्या वयाची माणसं भोवती ठेवा. मालिकेत तिच्याशी कोण बोलतं? मुलगा, सून, नातू. मैत्रीण नाहीच.

हाडवैद्य_नाही
चालण्याबद्दल. कंबरेत वाकून, काठी टेकत, हात थरथरत ही 'म्हातारी' शाळेच्या स्नेहसंमेलनातली. प्रत्येकीचं दुखणं एकच ठरवा. गुडघा दुखतो तर: काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, मूठ मनगटाच्या घडीएवढ्या उंचीवर. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उतरणं चढण्यापेक्षा जास्त त्रासाचं. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर, मग हात भिंतीला किंवा खांबाला, क्षणभर थांबून मग सरळ. तो थांबलेला क्षण नट्या खाऊन टाकतात.

हात थरथरायचाच असेल तर कारण हवं. कंपवातात हात मांडीवर स्वस्थ असताना हलतो, दुसऱ्या प्रकारच्या थरथरीत कपबशी उचलताना. दोन्ही एकत्र दाखवू नका. कमी ऐकू येणारी बाई सारखं "काय?" म्हणत नाही. ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघते आणि कळल्यासारखी मान डोलावते. गैरसमज त्यातून होतात, ओरडण्यातून नाही.

दोनपायी_तिवई
कॅमेरा: मोबाइलमधला चेहरा गुळगुळीत करणारा ब्युटी मोड आधी बंद करा, नाही तर रंगपेटींची मेहनत गुळगुळीत. खिडकीचा उजेड एका बाजूनं, दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला पांढरा थर्माकोल. समोरून सपाट उजेड टाकला की सुरकुत्या मरतात. पांढरे केस आणि फिकट पातळ असेल तर एक्स्पोजर लॉक करून थोडं खाली ओढा, केस जळाले तर नंतर काही करता येत नाही. बाई जमिनीवर बसलेली असेल तर कॅमेराही खाली, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. वरून घेतलं की ती बिचारीच दिसते, संवाद कितीही ठणठणीत असो.

कॉलर माइक पदराखाली खसखसतो. पोलकं-ब्लाउजच्या आतून औषधी चिकटपट्टीनं लावा, सिंथेटिकऐवजी सुती पातळ द्या. कूलर बंद करावा लागतो, म्हणून शॉट छोटे आणि मध्ये पाणी. सत्तरीच्या बाईला कॉलटाइमची शिस्त शिकवू नका, तिच्या गोळ्यांच्या आणि जेवणाच्या वेळा आधी विचारून वेळापत्रक त्याभोवती बसवा. लोकेशनवर संडास जवळ हवा. हे लिहायची वेळ येऊ नये, पण येते.

बोरीकाठी
चष्म्यात दिव्याची तिरीप दिसते, काच काढली तर लगेच कळतं. काही युक्ती?

दोनपायी_तिवई
काच ठेवा. चष्म्याच्या काड्या कानावर थोड्या उचला, म्हणजे काच खाली झुकते आणि तिरीप जमिनीकडे जाते. दिवा थोडा वर आणि बाजूला घ्या. चष्मा दुहेरी काचेचा असेल तर नटीला सांगून ठेवा: वाचताना हनुवटी वर करून खालच्या भागातून, लांबचं वरच्या भागातून. झिरोच्या काचेतून सरळ सातबारा वाचणारी म्हातारी बघितली की चष्मा आत्ताच कुणीतरी हातात दिलाय हे लांबून कळतं.